उपवनाचा पडदा

नागभीड
११ नोव्हेंबर १९५७

ती. भाऊ,

पत्रावरचं अक्षर ओळखून वहिनी म्हणतील, कमळेचं काहीतरी अडलं असणार. त्यांना सांगा, अडलेलं काही नाही. फक्त एक विचारायचं आहे. लाकूड-ठेकेदार गुणवंतराव यांना माझं नाव तुम्ही दिलंत का?

परवा ते जीप घेऊन शाळेत आले. मी चित्रकलेच्या तासाला मुलींना पेरूचं पान काढायला बसवलं होतं. हेडबाईंनी मला बोलावून घेतलं, स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि मला उभं ठेवलं. गुणवंतरावांनी नवीन घर बांधलंय. त्याच्या ओसरीत त्यांना आपल्या मुलखातल्या वाड्यांची चित्रं लावायची आहेत. घरामागची कुंपणातली वाडी, वालाचा मांडव, भोपळ्याचे वेल. कोसमटोला या गोंडांच्या गावात नाल्याच्या काठाने अशा वाड्या आहेत, त्याच हव्यात. मी म्हटलं, वाड्या तर नागभिडातही आहेत. ते म्हणाले, "बाई, तिथल्याच पाहिजे. आणि जसं आहे तसंच काढा. झाड जिथी आहे तिथीच. आपल्याले सजावट नाई पाहिजे."

भाऊ, हौसेने चित्र मागणारा माणूस असं बोलत नाही. तो म्हणतो, जरा रंगीत असू द्या, एखादा मोर टाका. तुमच्याकडे येणारे नाटकवाले असंच म्हणायचे ना? निघताना ते म्हणाले, "तुमचे बंधू नागपूरला पडदे रंगवतात, नाई का?" आणि मी काही विचारायच्या आत जीपकडे वळले.

तुम्ही माझी कीव येऊन हे काम पाठवलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. तुमच्या अंगणात, सगळ्या नाटक मंडळीसमोर तुम्ही म्हणाला होतात, कमळा चित्र काढत नाही, नक्कल उतरवते. तुमच्या उपवनाच्या पडद्यावरच्या वेलीला आंब्याची पानं आहेत, एवढंच मी त्याआधी म्हटलं होतं. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. आता एकदम माझ्या नकलेची शिफारस कशी काय?

काम मी घेतलं आहे. नागपूरला वनस्पतींचं एक मोठं पुस्तक निघणार आहे, त्यात चित्रं काढायला माणूस हवा आहे, आणि तिथे गुणवंतराव माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. हे मी हेडबाईंना सांगितलेलं नाही.

कमळा


कोसमटोला
१ डिसेंबर १९५७

ती. भाऊ,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे.

शनिवारी बैलगाडीने इथे येते आणि रविवारी परतते. उतरण्याची सोय पत्रू आणि सोनीबाई यांच्याकडे आहे. पहिली वाडी त्यांचीच काढायला घेतली. सोनीबाई माझ्याहून वयाने थोडी मोठी असेल. मी कागद पसरला की ती काम टाकून समोर उकिडवी बसते आणि कागदाकडे नाही, माझ्याकडे बघते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "हे कोनासाठी करून राह्यली बाई?" मी गुणवंतरावांचं नाव घेतलं. ती उठून आत गेली, नवऱ्याशी गोंडीत काहीतरी बोलली. त्यानंतर मला भात मिळाला, पण वाढताना कोणी बोललं नाही.

त्यांना वाटतं मी सरकारची माणूस आहे. शेजारच्या मंगरूने तर माझा पेन्सिल धरून अंतर बघण्याचा प्रकार पाहिला आणि स्वतःच्या वाडीची ताटी, ते बांबूचं फाटक, लावून घेतली. त्याला समजावलं, की हात लांब करून पेन्सिलीवर मांडवाची उंची मापते, चित्रापुरती. तो म्हणाला, मोजणी ती मोजणीच.

तुम्हाला माझी रीत माहीत आहे, तरी लिहिते. आधी कुंपण काढते, कारण वाडीला आकार कुंपण देतं. मग मांडवाचे बांबू. पान मात्र मी पान म्हणून काढत नाही. दोन पानांच्या फटीतून जो उजेड येतो तो आधी कागदावर कोरा सोडते, आणि त्याच्या भोवतीने हिरवा भरत जाते. त्यामुळे वेल दाट दिसतो आणि गुदमरत नाही. वालाच्या शेंगेची कड जांभळी असते, ती वाळायच्या आत भिजत्या हिरव्यात सोडावी लागते. ऊन सरकलं की मी थांबते. दुसऱ्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच जागी बसते. म्हणून एकेक चित्र रेंगाळतं. तुम्ही हसाल. तुमचं अख्खं उपवन दोन दिवसांत सरसात रंग कालवून उभं राहायचं.

एक गोष्ट खटकली. सोनीबाईच्या मांडवाच्या डाव्या अंगाला दगडांचा एक मुनारा आहे, जंगलाची हद्द दाखवायला रचतात तसला, चुना लावलेला. मांडवाच्या काळोख्या हिरव्याशेजारी तो पांढरा इतका छान उठतो, की मी आनंदाने काढला. सोनीबाईने बघितलं आणि म्हणाली, "तो गोटा नको काढू." मी म्हटलं, समोर आहे तर काढावा लागेल. ती म्हणाली, "कालपरवा इथी नव्हता." मला वाटलं, बाई काहीतरी लपवते आहे. हद्दीच्या पलीकडे वाडी केली असेल आणि आता दगडालाच नाकारते आहे. अशी माणसं असतात. मी काढला.

गुणवंतरावांचा मुकादम डोमा दर वेळी माझ्यासोबत येतो. पाण्याची बाटली आणायची सोडून तो नाल्याच्या काठाने फिरत असतो. माझी चित्रं तो नेतो. कोणतं कोणाच्या वाडीचं, कोणत्या बाजूने बसून काढलं, हे तो नीट विचारून घेतो आणि मागे लिहितो. ओसरीत लावायच्या चित्राला हे कशाला हवं, विचारलं तर म्हणतो मालकाची आज्ञा.

इथे मला कोणी खरं सांगत नाही, जीपवाले गुणवंतरावही नाहीत. आणि तुम्ही तर उत्तरच देत नाही.

कमळा


नागभीड
२९ डिसेंबर १९५७

भाऊ,

आज मायना लिहायला हात धजत नाही. आधी सांगा, तुम्हाला हे ठाऊक होतं का?

काल शेवटची चित्रं द्यायला मी गुणवंतरावांच्या आरागिरणीवर गेले. आतल्या खोलीत माझी सगळी चित्रं भिंतीवर होती. चौकटीत नाही, खिळ्यांनी ठोकलेली. आधी नाल्याचं वळण, मग सोनीबाईची वाडी, मग मंगरूची, मग पुढच्या. गावाच्या कडेने चालत गेलं की जशी दिसतात तशीच ओळीने. समोर जंगल खात्याचे एक साहेब चहा घेत बसले होते. मला म्हणाले, "बाई, काम सुरेख आहे. हा मुनारा तुम्ही स्वतः पाहिलात?"

मी म्हटलं, पाहिला.

"या वालाच्या मांडवाजवळच होता?"

मी म्हटलं, अगदी जवळ.

साहेब गुणवंतरावांना म्हणाले, मग प्रश्नच मिटला. जानेवारीअखेर तळोधीच्या रेस्ट हाऊसवर चौकशी आहे, तिथे बाईंनी एवढंच सांगावं.

ते गेल्यावर मी गुणवंतरावांना विचारलं, कसली चौकशी? त्यांनी लपवलं नाही. नाल्याकाठचा कूप, म्हणजे तोडीसाठी दिलेला जंगलाचा तुकडा, त्यांना मिळाला आहे. त्यात चांगले साग आहेत, आणि ते साग या वाड्यांच्या मागे उभे आहेत. वाड्या जंगलाच्या हद्दीत घुसल्या आहेत असं त्यांचं म्हणणं. गावकरी म्हणतात, हद्द नाल्यापलीकडे आहे आणि मुनारे यंदाच इकडे आणून रचले. साहेबांकडे मोजणीला माणूस नाही, उन्हाळ्याआधी मिळायचा नाही. तोवर थांबायला गुणवंतराव तयार नाहीत. गोंडांचा शब्द एकीकडे, ठेकेदाराचा दुसरीकडे, आणि मधे शाळेतली एक मास्तरीण, जी दिसेल तेच काढते. ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही कुठी खोटं बोलून राह्यल्या? जे पाहिलं ते सांगाचं." मग नागपूरच्या पुस्तकाचा विषय काढला. शब्द टाकला आहे म्हणाले.

मी तशीच गाडी करून कोसमटोल्याला गेले. सोनीबाईने ताटी उघडली नाही. कुंपणापलीकडून बोलली.

"तुले म्हटलं होतं, तो गोटा नको काढू. काऊन काढला?"

"होता म्हणून काढला."

"होता, तर कोणं आणला हे काऊन नाई इचारलं?"

पत्रू मागे उभा होता. मी परत निघाले तेव्हा मुनाऱ्याच्या दगडांखालून भोपळ्याचा एक वेल बाहेर आलेला पाहिला, चेंगरून पिवळा पडलेला. तो मी तेव्हाही पाहिला असणार. पण माझं लक्ष पांढऱ्याकडे होतं.

डोमाने मुनारा रचला असं मी शपथेवर सांगू शकत नाही, मी ते बघितलेलं नाही. गावकरी म्हणतात ते सगळं खरं, असंही माझं मन मानत नाही. मंगरूची वाडी मला फार आत गेलेली वाटते. पण माझ्या चित्राने त्यांना उठवावं, हे मी होऊ देणार नाही.

म्हणून दोन प्रश्न. गुणवंतराव तुमच्याकडे आधी आले होते का, आणि कशासाठी हे तुम्हाला कळलं होतं का? आणि दुसरा, तुम्ही उपवनाचा पडदा रंगवता कसा? चेष्टा नाही. आंब्याच्या पानांची वेल तुमच्या मनात कुठून येते, मला शिकायचं आहे. लवकर लिहा.

कमळा


नागभीड
१७ जानेवारी १९५८

ती. भाऊ,

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. पहिल्या प्रश्नाला तुम्ही एका ओळीत उडवलंत. ‘तो आला होता, हुबेहूब कोण काढतं म्हणाला, तुझं नाव सांगितलं.’ बस. तो काय करणार हे विचारलं नाहीत, की विचारूनही नाव दिलंत, हे त्या ओळीत दिसत नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. माझा संशय गेलेला नाही, तो तुम्हालाही दिसू दे.

पण दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही कार्डाच्या कडा भरून लिहिलंत, पत्त्याच्या बाजूलाही. त्याबद्दल खरंच आभार. पडद्याची बाग रंगवताना आधी शेवटच्या रांगेतल्या माणसाचा विचार करायचा, हे मला कधी सुचलं नसतं. वाट आधी रंगवायची, झाडं नंतर, कारण बघणाऱ्याच्या डोळ्याला चालायला जागा लागते. आणि ते एक वाक्य, की उपवनात नाटकातली माणसं एवढ्यासाठी भेटतात की घरात त्यांना भेटता येत नाही. म्हणून उपवन कोणाचंच असू नये, कोणाचं झालं की राखणदार आला. इतकी वर्षं मी तुमच्या पडद्यांवर पानं मोजत बसले, आणि तुम्ही हा विचार करत होतात.

आता मी काय करते आहे ते सांगते, दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. शाळा सुटली की तिथल्याच एका खोलीची कडी-खिडकी लावून सोनीबाईची वाडी पुन्हा काढते आहे. एकात मुनारा उजवीकडे नेला. एकात तो नाल्यापार ठेवला, आणि मोहाचं झाड अलीकडे आणलं. एकात मांडवावर वाल आणि दोडका एकाच वेलाला लावले. एकात तर नागभीड स्टेशनचा सिग्नल कुंपणामागे उभा केला. सगळ्या चित्रांना त्याच कागदाचा आकार, तोच रंग, तीच माझी सही.

पहिलं चित्र बिघडवताना मला शिसारी आली. हात आपोआप खऱ्या जागी जायचा. जिथे फट होती तिथे कोरं सुटायचं. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आधी वाट रंगवली, वाडीत नसलेली, मांडवाखालून जाणारी. त्यानंतर पानं कुठे असावीत हे मीच ठरवू लागले. तिसऱ्या चित्रात मला मजा वाटली, आणि त्याचीही भीती वाटली. हे खोटं बोलणंच आहे ना? साहेबांसमोर मी काय बोलणार, हे ठरलेलं आहे, आणि ते खरं नाही.

हेडबाईंनी आज विचारलं, खिडकी काऊन लावता? मी डोकं दुखतं म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांचं आणि गुणवंतरावांच्या घरचं येणंजाणं आहे.

वहिनींना नमस्कार.

कमळा


नागभीड
५ फेब्रुवारी १९५८

ती. भाऊ,

झालं एकदाचं. जसं झालं तसं लिहिते.

तळोधीच्या रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात साहेब टेबल टाकून बसले होते. एका बाजूला गुणवंतराव आणि डोमा. खाली अंगणात कोसमटोल्याची माणसं, सोनीबाई आणि पत्रू पुढे. गुणवंतरावांनी चित्रं मांडली. साहेबांनी विचारलं, ही तुम्ही काढलीत? मी हो म्हटलं. मग पिशवीतून बाकीची काढून त्यांच्याच शेजारी ठेवली आणि म्हटलं, साहेब, हीपण त्याच वाडीची आहेत.

त्यांनी एकेक उचललं. सिग्नलपाशी थांबले. म्हणाले, यातलं खरं कोणतं?

"साहेब, मी नकाशे काढत नाही. चित्रं काढते."

"मुनारा तिथे नव्हता का?"

"चित्रात तिथे पांढरं हवं होतं."

"तुम्ही मागे म्हणालात, स्वतः पाहिला."

"चित्र काढताना मी पुष्कळ गोष्टी पाहते."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ते मूर्ख नव्हते. मी काय करते आहे हे त्यांना कळलं असावं, आणि त्यांनी ते कळू दिलं नाही, एवढंच मला वाटलं. ते म्हणाले, या कागदांना काही अर्थ नाही, उचला. मोजणी होईपर्यंत नाल्याच्या या अंगाला कुऱ्हाड लागायची नाही. गुणवंतराव उठून बोलायला लागले, तर साहेबांनी पुढचं प्रकरण बोलावलं.

अंगणातली माणसं निघाली. कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्यांना काय कळलं असणार? एवढंच, की ही बाई आधी एक बोलते आणि मग दुसरं.

जीपपाशी गुणवंतरावांनी मला गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, पुस्तकाचं विसरा. मग म्हणाले, "तुमचा भाऊ तर मोठा सांगत होता. म्हणे, माह्या बहिणीले सोन्यात मढवलं तरी ते नसलेलं पान काढणार नाई. म्हणून तुमच्याकडे आलो."

भाऊ, ते मला घालून पाडून बोलत होते, आणि मी तिथे उभी राहून पदराने डोळे पुसत होते. डोमाला वाटलं मी घाबरले.

तुम्ही हे त्यांना सांगितलंत आणि मला कार्डावर एक ओळ लिहिलीत. असं का करता?

शाळेत चौकशी होईल असं दिसतं. होऊ दे.

कमळा


नागभीड
९ मार्च १९५८

ती. भाऊ,

मोजणी झाली. साहेबांनी माणूस लवकर मिळवला. जुना मुनारा नाल्यापलीकडे बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, सापडला, मातीत अर्धा गाडलेला. सोनीबाईची वाडी गावाच्या हद्दीत निघाली, तिच्या पुढच्याही. मंगरूची मात्र नाला ओलांडून खरोखरच जंगलात गेली होती. त्याचं कुंपण काढलं. उभा तंबाखू त्याने स्वतःच उपटून घरी नेला. नवे मुनारे कोणी रचले हे कोणी विचारलं नाही. गुणवंतरावांना दुसरीकडे कूप मिळाला म्हणतात.

शाळेने मला ठेवलं आहे. हेडबाई बोलत नाहीत, वर्गावर येऊन मागे उभ्या राहतात. नागपूरच्या पुस्तकाला दुसरं कोणीतरी मिळालं.

मी परवा कोसमटोल्याला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. ताटी बंद होती, म्हणून मी बाहेर, वाटेच्या कडेला बसले आणि काढू लागले. समोर वाडीच होती, पण मी तिच्याकडे फारसं बघितलं नाही. पळसाखालून एक वाट काढली. तिच्या एका अंगाला वालाची फुलं, दुसऱ्या अंगाला कमळं, पाण्याशिवायच. पानांच्या फटींत उजेड मात्र माझा होता, तसाच कोरा सोडलेला. तो मला सोडवत नाही. असा कागद माझ्या हातून पहिल्यांदाच उतरला, आणि तो तुमचाही नाही.

ऊन कलताना सोनीबाई ताटी उघडून बाहेर आली. मागे उभी राहून तिने चित्र न्याहाळलं, वाटेवर बोट ठेवून शेवटपर्यंत नेलं.

"हे माही वाडी नाई," ती म्हणाली.

"नाही."

"मंगरूची?"

"नाही."

"मंग कोनाची?"

मी म्हटलं, कोणाचीच नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी बघत होती तसंच. विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. मग म्हणाली, "बेस आहे. असंच काढत जाय." आणि आत गेली. जाताना ताटी ओढून तिने दोरीची गाठ घट्ट मारली.

तुम्ही पुढच्या महिन्यात ब्रह्मपुरीला पडदे द्यायला येणार असं वहिनींनी लिहिलं आहे. वाटेत नागभिडला गाडी बदलावी लागते. मी स्टेशनवर येईन. तुम्ही गाडीतून उतराल ना?

कमळा